पडताळणी वारंवार नाकारली जातेय? आधी तुमचं नाव किती तऱ्हांनी लिहिलंय ते पाहा

लक्षण नेहमी एकच असतं. ॲप बनवणाऱ्याने आपली ओळख पटवण्यासाठी ॲप स्टोअरला ओळखपत्राचा फोटो पाठवायचा आणि दोन-तीन दिवसांनी उत्तर यायचं: दिलेली माहिती कागदपत्राशी जुळत नाही. नेमकं काय जुळत नाही हे त्यात लिहिलेलं नसतं. मग आपण तोच फोटो खिडकीपाशी जाऊन पुन्हा काढतो, पुन्हा पाठवतो आणि पुन्हा तेच उत्तर येतं. एव्हाना मुदतीचे दिवस संपत आलेले असतात आणि वर्षभर खपून बनवलेलं ॲप अडकून पडलेलं असतं.

मी दूध संकलन केंद्रांसाठी एक ॲप एकटीने बनवते. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घनघटक) आणि दहा दिवसांचं बिल, एवढंच त्याचं काम. माझी पडताळणी तीनदा नाकारली गेली. त्यानंतर ओळखीतल्या पाच-सहा जणांची प्रकरणं मी शेजारी बसून सोडवली. प्रत्येक वेळी तक्रार ‘स्टोअर ऐकत नाही’ अशी होती आणि बहुतेक वेळा दोष कागदांतच सापडला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पडताळणी नेमकं काय पाहते

तुम्ही कोण आहात हे तिथे कुणाला ठाऊक नसतं आणि ते शोधणं हे त्यांचं कामही नाही. खात्याला जोडलेल्या प्रोफाइलमधलं नाव आणि पत्ता, आणि तुम्ही पाठवलेल्या कागदावरचं नाव आणि पत्ता, या दोन गोष्टी अक्षरशः जुळतात का, एवढंच पाहिलं जातं. आपल्याकडे गोची इथेच होते, कारण मराठी माणसाचं नाव एका साच्यात बसत नाही.

माझंच घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पॅनवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर लग्नानंतरचं नाव, म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी सासरचं आडनाव. बँकेत माहेरचं नाव, पण वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. आणि स्टोअरच्या पेमेंट्स प्रोफाइलमध्ये कॉलेजात असताना कधीतरी टाकलेलं घरगुती हाक मारायचं नाव, आडनावाशिवाय. मी आधार पाठवत होते आणि प्रोफाइलमध्ये ते घरगुती नाव होतं. ते जुळणार कसं?

इंग्रजी स्पेलिंगचा घोळ याहून बारीक आणि म्हणून जास्त त्रासदायक. वैशालीचा ‘व’ एका कारकुनाने व्ही घालून लिहिला, दुसऱ्याने डब्ल्यू. श्रीकांतमध्ये एसनंतर एच आहे की नाही, दीपालीत दोन ई की एक आय, लक्ष्मणमध्ये केएसएच की एक्स. वाचताना आपल्या डोळ्याला हा फरक जाणवतसुद्धा नाही. अक्षरं ताडून पाहणाऱ्या यंत्राला तेवढाच दिसतो.

तेव्हा पहिली दुरुस्ती कागद-पेन घेऊन करायची. आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना, बँकेचं स्टेटमेंट, आणि स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये आत्ता असलेलं नाव हे सगळं एकाखाली एक लिहून काढा. इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत, एकेक सुटं करून लिहा. पत्ता आणि जन्मतारीखही लिहा. बऱ्याच जुन्या आधार कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेलं असतं आणि पॅनवर पूर्ण तारीख. हे कागद समोरासमोर ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

कुठलं नाव धरून ठेवायचं

माझं मत ठाम आहे: पॅन आणि बँक खात्यावरचं नाव प्रमाण माना आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. ॲपचे पैसे शेवटी बँकेत यायचे असतात आणि कर पॅनवर भरायचा असतो. तिथे विसंगती राहिली तर पडताळणी पार पडूनही पैसे अडकतात.

आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईघाईने सेवा केंद्रात जाऊन ती संधी खर्च करू नका. आधी ठरवा, मग जा. 2023 साली पॅन-आधार जोडणीची मुदत संपत आली तेव्हा अनेकांनी धावपळ करून जन्मतारीख दुरुस्त केली, जोडणी झाली आणि हायसं वाटलं. नावातला लहानसहान फरक मात्र तसाच राहून गेला आणि तो आता इथे वर येतो आहे.

बहिणींनो, तुमच्यासाठी थोडं वेगळं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. पॅन, बँक, पदवी सगळं माहेरच्या नावाने असेल आणि एकट्या आधारवर सासरचं नाव असेल, तर आधार माहेरच्या नावावर परत नेणं हा सोपा मार्ग असू शकतो. उलट सगळे कागद सासरच्या नावाचे झाले असतील तर पॅनची दुरुस्ती करून घ्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र त्यासाठी लागतं. नाव पूर्णच बदललं असेल, म्हणजे पहिलं नावसुद्धा, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन ठेवा. तो अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावरून करता येतो. मी माहेरचं नाव कायम ठेवलं. घरात त्यावर चर्चा झाली, सासूबाईंना आधी ते पटलं नव्हतं. ॲपवर दिसणारं नाव आणि बँकेतलं नाव एक नसेल तर दुधाच्या बिलाचे पैसे कसे अडतील हे सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, मग तेच ठेव.

हे सगळं होईपर्यंत वेळ जातो. तोवर निदान स्टोअरच्या प्रोफाइलमधलं नाव तुमच्याकडे असलेल्या एका वैध ओळखपत्रासारखं हुबेहूब करून घ्या, मधल्या नावासकट, आणि मगच फोटो पाठवा. माझं प्रकरण शेवटी इतक्याने सुटलं. प्रोफाइलमधलं नाव पॅनसारखं केलं, पॅनचा फोटो पाठवला आणि काम झालं.

पत्ता आणि फोटो

गावाकडच्या पत्त्याला घरक्रमांक नसतो. मु. पो., ता., जि. एवढ्यावर पोस्टमन बरोबर घरी येतो. फॉर्ममध्ये मात्र पहिली ओळ, दुसरी ओळ, शहर, पिनकोड असे रकाने असतात. ज्या कागदाने पत्ता सिद्ध करणार आहात त्यावर ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने भरा, स्वतःहून नीटनेटका करायला जाऊ नका. लाईटबिल बहुतेक घरांत आजोबांच्या किंवा सासऱ्यांच्या नावाने असतं, कधी कधी ते वारल्यालाही दहा वर्षं झालेली असतात. ते पाठवून उपयोग नाही. बँकेचं अलीकडचं स्टेटमेंट स्वतःच्या नावाचं असतं, ते सगळ्यांत सुटसुटीत. त्यावरचा पत्ता जुना असेल तर आधी शाखेत जाऊन बदलून घ्या.

फोटो मूळ कागदाचा, रंगीत, चारही कोपरे दिसतील असा हवा. झेरॉक्सचा फोटो किंवा फोनवरचा स्क्रीनशॉट पाठवू नका. लॅमिनेशन केलेलं कार्ड चकाकतं आणि नेमकं जन्मतारखेवर पांढरा डाग पडतो. फ्लॅश बंद ठेवून, दिवसा, सावलीत काढा.

वैयक्तिक खातं की संस्थेचं

ही निवड सुरुवातीला दोन मिनिटांत केली जाते आणि पुढे महिनोन् महिने निस्तरावी लागते. गूगल प्लेवर नोंदणीचं शुल्क एकदाच 25 डॉलर, ॲपलकडे दरवर्षी 99 डॉलर. दोन्हीकडे व्यक्ती आणि संस्था असे दोन प्रकार आहेत.

प्लेवर 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी, म्हणजे निवडक लोकांकडून ॲप वापरून घेणं, पूर्ण करावी लागते. सुरुवातीला 20 टेस्टर सलग 14 दिवस हवे होते, डिसेंबर 2024 मध्ये ते 12 वर आणले. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. नवव्या दिवशी मामेभावाने चाचणीतून अंग काढून घेतलं आणि संख्या 12 च्या खाली गेली तर मोजणी बिघडते. म्हणून 12 नको, 18-20 जण गोळा करा. मी संकलन केंद्रांवरच्या सचिवांनाच टेस्टर केलं. ते रोज ॲप उघडणारच होते. पैसे घेऊन टेस्टर पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

संस्थेच्या खात्याला ही चाचणीची अट नाही, पण डन्स क्रमांक लागतो. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी व्यवसायांना नऊ अंकी क्रमांक देते, तो हा. तो फुकट मिळतो, मात्र यायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. इथेही पुन्हा नावाचाच प्रश्न. गुमास्त्यावर ‘श्री समर्थ सॉफ्टवेअर’, उद्यम नोंदणीवर ‘समर्थ सॉफ्टवेअर सोल्युशन्स’ आणि बँकेच्या चालू खात्यावर तिसरंच काही असेल, तर डन्सच्या नोंदीत कुठलं नाव जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. अर्ज करण्याआधी तिन्ही एक करा. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी करावी लागत नाही, नुसती सूचना द्यावी लागते आणि त्याची पावती मिळते. लोक तिलाच शॉप ॲक्ट म्हणतात. संस्थेच्या खात्यासाठी संकेतस्थळही लागतं, आणि ते डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय हा प्रश्न पुढे येतोच.

काही ॲपना निवडच नसते. कर्ज किंवा इतर आर्थिक सेवा, आरोग्य, व्हीपीएन आणि सरकारी सेवा यांची ॲप प्लेवर संस्थेच्या खात्यातूनच टाकावी लागतात. पतसंस्थेचं ॲप भाच्याच्या वैयक्तिक खात्यावरून टाकायला गेलात तर अडवलं जाणारच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, विशेषतः घरून काम करणाऱ्या मुलींना. वैयक्तिक खात्यावरच्या ॲपमधून कमाई होत असेल तर प्लेवर तुमचा पूर्ण पत्ता सार्वजनिक दिसतो. कमाई नसेल तर नाव, देश आणि ईमेल दिसतो. घराचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर कमाई सुरू करण्याआधी दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या पत्त्यावर संस्थेचं खातं उघडा आणि ॲप तिकडे हलवा. युरोपीय संघातही असंच आहे. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यामुळे ॲपलने 17 फेब्रुवारी 2025 पासून, व्यापारी आहात की नाही हे न कळवणाऱ्यांची ॲप त्या देशांतल्या स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. व्यापारी म्हटलंत की पत्ता, फोन, ईमेल तिथे दिसतो. जर्मनीतल्या किंवा नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींसाठी ॲप बनवणाऱ्यांनी हे विसरू नये.

ॲप नक्की कुणाचं?

ओळखीची अडचण कागद जुळवून सुटते. मालकीची अडचण माणसं दुरावल्यावर समोर येते, म्हणून ती जास्त बोचते. 

ओळखीतल्या एका मुलाने एका क्लासचालकाचं ॲप बनवलं आणि सोय म्हणून स्वतःच्याच खात्यावरून टाकलं. दोन वर्षांनी पैशांवरून बिनसलं. क्लासचालक म्हणतो ॲप माझं, नाव माझं, विद्यार्थी माझे. मुलगा म्हणतो कोड माझा, खातं माझं. दोघंही खोटं बोलत नव्हते. कागदावर काहीच ठरलेलं नव्हतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. नोकरीत असताना, नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी मालकाची. फ्रीलान्सरने कंत्राटावर लिहिलेला कोड मात्र, वेगळं लिहून दिलेलं नसेल तर, साधारणपणे लिहिणाऱ्याचा राहतो. नुसते पैसे दिल्याने तो क्लायंटचा होत नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी हवा आणि देणाऱ्याची सही हवी. आणि कलम 19 मधली ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: करारात मुदत लिहिली नाही तर ते हस्तांतर 5 वर्षांचं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणून क्लायंट असाल तर ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द लिहून घ्या. डेव्हलपर असाल तर ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ हे शब्द घाला आणि तुमची जुनी, सगळीकडे वापरायची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्यातून वगळा. एका पानाचा करार पुरतो. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

व्यवहारात मालकी तीन ठिकाणी असते: खातं कुणाचं, साइनिंग की (ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली) कुणाकडे आणि डोमेन कुणाच्या नावावर. क्लायंटचं ॲप क्लायंटच्याच खात्यावर असावं. त्याने डेव्हलपरला पासवर्ड देऊ नये, कन्सोलमध्ये, म्हणजे खातं सांभाळायच्या पानावर, वापरकर्ता म्हणून बोलावून हव्या तेवढ्या परवानग्या द्याव्यात. पासवर्ड दिला की ओटीपी कुणाच्या फोनवर जाणार हा वाद ठरलेला. एका ठिकाणी तो नंबर नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा निघाला होता आणि त्याने तोवर सिम बंद केलं होतं.

ॲप चुकीच्या खात्यावर गेलंच असेल तर काढून नव्याने टाकू नका. पॅकेज नेम, म्हणजे ॲपचं स्टोअरमधलं एकमेव तांत्रिक नाव, एकदा वापरलं की दुसऱ्या खात्यावर ते पुन्हा वापरता येत नाही. त्याऐवजी ॲप हस्तांतराची सोय वापरा. प्लेवर वापरकर्ते, रेटिंग, अभिप्राय, डाउनलोडची आकडेवारी सगळं सोबत जातं. दोन्ही खाती चालू आणि पडताळलेली हवीत. नव्या खात्याच्या नोंदणी शुल्काचा व्यवहार क्रमांक लागतो, म्हणून ती 25 डॉलरची पावती ईमेलमध्ये जपून ठेवा. ॲपलकडेही हस्तांतर होतं, ॲपची निदान एक आवृत्ती स्टोअरवर प्रसिद्ध झालेली असावी लागते. त्या मुलाने आणि क्लासचालकाने शेवटी हेच केलं. आधी करार, मग पैसे, मग हस्तांतर, याच क्रमाने.

आणि कुणी तुमचं 2023 च्या आधीचं खातं विकत किंवा भाड्याने मागितलं तर नाही म्हणा. जुन्या खात्याला टेस्टरची अट नाही म्हणून त्यांना गिऱ्हाईक आहे. तुमच्या नावाच्या, तुमच्या पॅनच्या खात्यावरून तो माणूस काय टाकेल याची जबाबदारी तुमची. ते खातं बंद झालं की त्याच्याशी संबंध जोडला गेलेली तुमची पुढची खातीही जाऊ शकतात.

साइनिंग की आजच शोधा

अँड्रॉइड ॲपवर तुमची डिजिटल सही असते. तिची फाइल म्हणजे कीस्टोअर. ऑगस्ट 2021 पासून प्लेवरच्या नव्या ॲपची मुख्य की गूगलकडे राहते आणि आपल्याकडे अपलोड की, म्हणजे नवी आवृत्ती पाठवताना सही करायची की, असते. ती हरवली तर बदलून मागता येते. त्याआधीचं ॲप असेल आणि की गूगलकडे दिली नसेल, तर फाइल हरवणं म्हणजे त्या ॲपचा अपडेट कायमचा बंद.

जे एपीके, म्हणजे ॲप फोनवर टाकायची फाइल, थेट व्हॉट्सॲपवरून देतात त्यांच्यासाठी हे जास्त गंभीर आहे. मी सुरुवातीला सात संकलन केंद्रांना असंच ॲप दिलं होतं, आणि तेही डीबग कीने, म्हणजे चाचणीपुरत्या तात्पुरत्या कीने, सही केलेलं. ती की अँड्रॉइड स्टुडिओ हे ॲप बनवायचं सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर आपोआप वेगळी बनवतं. लॅपटॉप दुरुस्तीला गेला, फॉरमॅट होऊन आला आणि ती की गेली. पुढचा अपडेट जुन्या ॲपवर बसेना, कारण सही वेगळी. सातही ठिकाणी जुनं ॲप काढून नवं टाकावं लागलं. दोन केंद्रांचा डेटा फोनमध्येच होता. तो मी फोन हातात घेऊन, एकेक पान पाहून वहीत उतरवला.

हे आता का सांगते? 25 ऑगस्ट 2025 रोजी गूगलने जाहीर केलं की गूगलची मान्यता असलेल्या (प्रमाणित) अँड्रॉइड फोनवर, स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपचाही डेव्हलपर पडताळलेला असावा लागेल. सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि 2027 पासून पुढे टप्प्याटप्प्याने इतर देश, असा तो कार्यक्रम आहे. त्यात पॅकेज नेम नोंदवताना ते तुमचंच आहे हे तुमच्या कीने सही केलेल्या एपीकेवरून दाखवायचं आहे. की हरवलेल्या माणसाला स्वतःच्याच ॲपवर हक्क सांगणं अवघड जाणार. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी विनाशुल्क, मर्यादित वितरणाचं खातं असेल असंही तेव्हा सांगितलं आहे. मुक्त स्रोत ॲप वाटणाऱ्या एफ-ड्रॉइडने या सगळ्याला उघड विरोध केला आहे आणि त्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण विरोध चालू असताना कीस्टोअर शोधून ठेवायला काही हरकत नाही.

जेडीकेसोबत (जावा भाषेच्या साधनसंचासोबत) येणाऱ्या कीटूलने कीस्टोअर उघडून कीचा शा-256 ठसा, म्हणजे ती की ओळखायचा अक्षर-अंकांचा संच, काढा आणि प्रसिद्ध झालेल्या एपीकेच्या ठशाशी ताडून पाहा. गूगलकडे मुख्य की असेल तर तिचा ठसा कन्सोलमध्ये दिसतो. फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, घरातल्या एका माणसाला सांगून.

तरीही नाकारलं तर

सगळं जुळवूनही नकार आला तर दुसरं खातं उघडू नका. एकाच माणसाची दोन अर्धवट खाती दिसली की संशय वाढतो आणि पहिलंही अडचणीत येतं. आहे त्याच प्रकरणात, नवं काहीतरी जोडून, एकदाच नीट लिहा. मी लिहून दिलेला मजकूर साधारण असा असतो, इंग्रजीत पण याच क्रमाने:

‘माझ्या प्रोफाइलमधलं नाव अमुक आहे आणि सोबतच्या पॅनवर तेच आहे. आधारवरचं मधलं नाव वेगळं आहे, कारण ते लग्नानंतर बदललं होतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं आहे. पत्त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट जोडलं आहे, त्यावरचा पत्ता प्रोफाइलमधल्या पत्त्याशी ओळीने जुळतो. आधीच्या अर्जात मी आधार पाठवलं होतं, त्याऐवजी हे कागद पाहावेत.’

यात विनवणी नाही आणि रागही नाही. कुठला कागद कशासाठी आहे आणि फरक कुठे आणि का आहे, एवढं कळलं की वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. पाठवल्याची तारीख वहीत लिहा, स्पॅमचा फोल्डर रोज उघडून पाहा आणि उत्तर येईपर्यंत प्रोफाइलमधलं एक अक्षरही बदलू नका.